पाणी कुठे जाणार?

सपाट आणि समतल हे शब्द रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज बसतात, पण गवंड्याच्या कामात ते दोन वेगळे गुण आहेत. उंचवटे नाहीत, खळगे नाहीत, ती जमीन सपाट. जिची सगळी टोकं एका उंचीवर आहेत ती समतल. उतरत्या छपराचा पत्रा सपाट असतो, समतल नसतो. उलट एखाद्या खोलीचे चारही कोपरे बरोबर एका उंचीवर असतात आणि मधली जमीन मात्र जुन्या गादीसारखी खालीवर झालेली असते. खळगा शोधायला सरळ पट्टी पुरते. उतार शोधायला पाणी लागतं.

हा फरक मी शिकले तो दक्षिण दिल्लीतल्या एका तळघरात. आमचे एक ज्येष्ठ स्नेही इथल्या विद्यापीठात तीसेक वर्षं शिकवत होते. ते गेले, मुलं परदेशात, घर विकायला निघालेलं. मागे राहिली साडेतीन हजार पुस्तकं. एक-दोन ग्रंथालयांनी त्यांतली निवडक घ्यायची तयारी दाखवली. पण या संग्रहाचा अर्थ त्याच्या मांडणीत होता. एक बंगाली कादंबरी, तिच्याशेजारी तिचे हिंदी आणि मराठी अनुवाद, आणि तिन्हींच्या समासांत पेन्सिलीने घातलेले प्रश्न. ही तीन पुस्तकं तीन कपाटांत गेली की ते प्रश्न कुणी कुणाला विचारले हेच कळेनासं होतं. म्हणून आम्ही तिघी मैत्रिणींनी ओळखीच्या एका आंटीजींचं तळघर माफक भाड्याने घेतलं. लांबी २४ फूट, रुंदी १४. भिंतींना लागून पुस्तकांचे लोखंडी रॅक, मधे लांब टेबल आणि बारा खुर्च्या. भारतीय भाषांतून भारतीय भाषांत अनुवाद करू पाहणाऱ्या मुलांनी इथे येऊन बसावं, एवढीच कल्पना होती.

पहिला रॅक उभा केला आणि तो डुलला. सात फुटी रॅकची खोली १५ इंच. तेवढ्या अंतरात जमिनीत पाव इंचाचा फरक असला तर वरचं टोक जवळजवळ दीड इंच कलतं. पुस्तकांनी भरलेल्या रॅकचं वजन दीडशे-दोनशे किलोच्या घरात जातं. पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारून हे निभण्यासारखं नव्हतं. जमीन नीट करून घ्यायला हवी होती.

मिस्त्री मिळाले ते मालदा जिल्ह्यातले. दिल्लीतल्या बांधकामांवर त्या भागातली माणसं पुष्कळ. मी त्यांना दादा म्हणू लागले, ते मला दीदी. त्यांच्या हाताखालचा मुलगा बुंदेलखंडातला. मराठीत ज्याला आपण बिगारी म्हणतो त्याला दिल्लीत बेलदार म्हणतात. पहिल्या दिवशी दादांनी पिशवी उपडी केली आणि मी कामाचं सोडून नावं विचारत बसले. आपला ओळंबा हिंदीत साहुल होतो, तो मूळचा अरबी शाक़ूल. दादांच्या मालदाच्या बोलण्यात मात्र तो ओलन. ओळंबा आणि ओलन एकाच संस्कृत अवलंबाची लेकरं. मधला सगळा हिंदी मुलूख ओलांडून ती दोघं एकमेकांना ओळखतात. आपली थापी म्हणजे गिलावा मारायचं लोखंडी पातं, त्याला हिंदीत करनी किंवा कन्नी म्हणतात, बंगालीत कर्णिक. हिंदीत थापी मागितली तर जमीन चोपायचं लाकडी फळकूट हातात येतं. गुण्या तिघांचाही गुण्याच. काटकोन तपासायचं हे साधन फारसीतून आलं आणि फारसीत ते ग्रीकमधून. कोन या अर्थाचा ग्रीक शब्द मालदाच्या एका माणसाच्या सिमेंट लागलेल्या पिशवीत सुखाने नांदत होता. आणि मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज. जिच्यावर हे सगळं चाललं होतं ती फरशी अरबी.

मग त्यांनी पारदर्शक नळी काढली. दहा मीटरची, बोटाएवढी जाड. तिच्यात पाणी भरलं, नळी झटकून झटकून आतले बुडबुडे घालवले. बुडबुडा राहिला की नळी खोटं बोलते, ते म्हणाले. एक टोक त्यांनी भिंतीला धरलं, दुसरं मुलाने समोरच्या भिंतीला. जोडलेल्या नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. लेझरचं यंत्र आता सगळीकडे मिळतं, पण त्याला समोरचं दिसावं लागतं. नळी खांबाला वळसा घालून, दारातून पलीकडच्या खोलीतही जाते. चारही भिंतींवर खुणा झाल्या, निळीत भिजवलेला दोरा ताणून सोडला आणि कमरेच्या उंचीवर खोलीभर एक निळी रेघ उमटली. त्या रेघेपासून खाली जमिनीपर्यंत जागोजाग टेप लावत गेलो. माप सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. हे मराठी गवंड्याचंही माप आणि हिंदी मिस्त्रीचंही.

तौलनिक साहित्याच्या वर्गात पहिल्या सत्रात जो प्रश्न पडतो तो इथे भिंतीवर काढलेला होता. दोन गोष्टींची तुलना करायची तर ती कोणत्या रेघेपासून? आमच्या पिढीला ती रेघ बहुतेक वेळा युरोपातून आखून मिळाली. कादंबरी म्हणजे काय, आधुनिकता कधी सुरू झाली, हे तिकडून मोजायचं आणि आपलं किती सूत खाली आहे ते लिहायचं. दादांची रेघ कुठेही काढता आली असती, अर्धा फूट वर किंवा खाली. ती आडवी असणं आणि खोलीभर एकच असणं एवढीच अट होती. रेघ म्हणजे आदर्श उंची नव्हे. मोजण्यापुरती धरलेली ती सोय आहे.

मोजमापातून दोन गोष्टी निघाल्या. जिन्याकडच्या भिंतीपासून पलीकडच्या ईशान्य कोपऱ्यापर्यंत जमीन १७ सूत उतरत होती, म्हणजे दोन इंच आणि एक सूत. शिवाय मधे चार-पाच ठिकाणी दोन-दोन, तीन-तीन सुतांचे खळगे होते. माझ्या डोक्यात उपाय तयार होता. आपोआप पसरून समतल होणारं सिमेंटचं मिश्रण बाजारात मिळतं. पाणी अचूक मोजून कालवायचं, ओतायचं, ते स्वतःच पातळी शोधतं. हिशेब केला तेव्हा संपूर्ण खोली वरच्या टोकाच्या उंचीला आणायला २५ किलोच्या जवळजवळ ६० गोण्या लागत होत्या. ही मिश्रणं मुळात काही मिलिमीटरच्या थरासाठी असतात, दोन इंच भरायला ती वापरणं म्हणजे तुपाने भिंत सारवणं. मग साधा कोबा? कोबा हा आपला शब्द मुंबईच्या इंजिनिअरांच्या इंग्रजीत केव्हाच जाऊन बसला आहे, गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्याच्या रूपाने. दिल्लीत मात्र तो कुणाला कळत नाही. मी हातांनी थर दाखवत समजावलं. सगळी जमीन एका पातळीत करू या.

दादांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘दीदी, फिर पानी कहाँ जाएगा?’’

ईशान्य कोपऱ्यात लोखंडी जाळीखाली दीड फुटाची एक हौदी होती. मी ती निरुपयोगी समजून तिच्यावर खोकी ठेवायच्या बेतात होते. वरून आंटीजी खाली आल्या. त्यांनी सांगितलं की ही जमीन त्यांच्या यजमानांनी उभं राहून करून घेतली होती, आणि काम झाल्यावर जिन्यापाशी लोटाभर पाणी ओतून ते हौदीपर्यंत पोचेतो खुर्ची टाकून बसले होते. २८ जून २०२४ च्या सकाळी सफदरजंगच्या वेधशाळेत चोवीस तासांचा पाऊस २२८.१ मिलिमीटर नोंदला गेला. त्या दिवशी जिन्यावरून या तळघरातही पाणी आलं. सकाळी आंटीजींनी हौदीत पंप टाकला, दुपारी जमीन कोरडी. आम्ही दोष म्हणून मोजत होतो ते १७ सूत कुणीतरी विचार करून ठेवलेले होते.

दादांनी त्याच पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली. तांब्याने ठिकठिकाणी पाणी ओतलं. जे चालू लागलं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. जे थांबून राहिलं त्याच्याभोवती खडूने गोल काढला. म्हणाले, ढाल रखेंगे, गड्ढा भरेंगे. उतार ठेवायचा, खळगा भरायचा.

त्या महिन्यांत मी एका हिंदी कादंबरीचा मराठी अनुवाद करत होते. तिच्यात नवरा बायकोला नेहमी तुम म्हणतो. एका रात्री, भांडणाच्या ऐन मध्यात, एकदाच तू म्हणतो. पुढचं सगळं प्रकरण त्या एका घसरणीवरून खाली वाहत जातं. मराठी घरात नवरा-बायको एकमेकांना तू म्हणतात, आणि त्या तू मध्ये मायाच असते. हिंदीच्या तुमला आपल्याकडे पायरीच नाही. तू किंवा तुम्ही, मधलं सगळं सपाट. मी त्याच्या तोंडी एरवी ‘अगं’ ठेवलं होतं आणि त्या एका वाक्यात ते काढून ‘ए’ घातला होता. हस्तलिखित परत आलं तेव्हा त्या ओळीशेजारी संपादनाची सूचना होती: इथे पात्राची भाषा अचानक बदलते, एकसारखी करावी का? सूचना प्रामाणिक होती. पट्टी ठेवली तर तिथे खरंच फरक दिसतो. पण ओतलेलं पाणी तिथे थांबत नव्हतं, वाहत होतं. मी उत्तरात लिहिलं की हा उतार आहे, राहू द्यावा. त्याच कादंबरीत दोन ठिकाणी एकाच माणसाचं वय वेगवेगळं पडलं होतं, एका प्रकरणात बाहेर मे महिना आणि आत पेटलेली शेगडी होती. तिथे पाणी साचत होतं. लेखिकेला विचारून ते भरून घेतलं. अनुवादकाने मूळ संहितेत हात घालावा की नाही, हा वाद मी पुष्कळ ऐकला आहे. माझ्यापुरता आता तो एवढाच उरला आहे: हा उतार आहे की खळगा, आणि ते ठरवण्याआधी आपण पाणी ओतून पाहिलं का?

मूळ बेत मात्र या सगळ्याच्या आधीच बदलला होता. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरात रस्त्यावरचं पाणी घुसलं. त्या तळघरात ग्रंथालय होतं, मुलं वाचत बसली होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी तीन मुलं बुडून गेली. नंतर शहरभर तळघरांना टाळी लागली, चौकशा झाल्या. आमच्या कागदावर बारा खुर्च्या आणि लांब टेबल काढलेलं होतं. तीच खोली, तोच जिना, आणि वर तेच ग्रंथालय हे नाव. दाराच्या बाहेर मीटरभर पाणी चढलं तर तीन फुटी दारावर सुमारे साडेचारशे किलोंचा भार येतो. ते दार आतून कुणी विद्यार्थी उघडू शकत नाही. हा साधा हिशेब आहे, तो मी एका रात्री जेवणाच्या टेबलावर केला आणि सकाळी मैत्रिणींना फोन लावला. एकीचं म्हणणं पडलं, आपलं घर उंचावर आहे, हौदी आहे, पंप आहे. तिचं चुकत नव्हतं. पण पुस्तक भिजलं तर आपण हळहळतो. मुलाच्या आईला काय सांगायचं? खुर्च्या कागदावरून गेल्या. खाली पुस्तकं राहतील, माणसं नाही.

म्हणून काम वेगळंच ठरलं. दादांनी पहिलं सिमेंट तळघरात वापरलंच नाही. वर, जिन्याच्या तोंडाशी, त्यांनी नऊ इंचांचा उंबरठा बांधायला घेतला. पाणी आधी वर अडवायचं. खाली दोन लांब भिंतींना लागून दीड फूट रुंदीचे, चार इंच उंचीचे ओटे, वरून पाणसळीत. रॅक त्यांच्यावर. मधल्या वाटेला जुना उतार तसाच, फक्त खडूची वर्तुळं भरायची.

हे व्हायचं होतं नोव्हेंबरमध्ये. पण १८ नोव्हेंबरला हवेच्या प्रदूषणामुळे दिल्लीत निर्बंधांचा चौथा टप्पा लागला आणि बांधकामं थांबली. हवा तशीच होती, श्वास घ्यावासा वाटू नये अशी, बंदी चुकीची म्हणता येत नव्हती. फक्त तिचं ओझं कुणाच्या खांद्यावर किती पडलं, ते समतल नव्हतं. मी घरी बसून अनुवाद करत राहिले, माझी मजुरी चालू होती. दादा मालदाला निघून गेले. जाताना आम्ही अर्धे पैसे आगाऊ दिले, ते त्यांनी मोजून वहीत लिहिले.

ते आले फेब्रुवारीत. पहिल्या रात्री प्लास्टिकचे दीड-दीड फुटी तुकडे जमिनीवर चारही बाजूंनी चिकटवून ठेवले. दुसऱ्या संध्याकाळी हौदीजवळच्या तुकड्याखाली थेंब धरलेले, बाकीचे कोरडे. खालून ओल येते ती एवढ्याच भागात. तिथल्या भिंतीला लोणाही होता. बंगालीत त्याला नोना म्हणतात. ल चा न झाला तरी मीठ तेच. त्या टोकाला ओटा करायचा नाही असं ठरलं. मग जुना थर खरवडणं. यंत्राने घासलं असतं तर तासाभराचं काम, पण बंद खोलीत सिमेंटची कोरडी धूळ म्हणजे फुप्फुसात बसणारी सिलिका, आणि तोंडाला बांधलेला गमछा ती अडवत नाही. पाणी शिंपडून छिन्नीने खाचा पाडल्या. मुलाला मुखपट्टी आणून दिली. दोन दिवस तो ती हनुवटीवर घालत होता, तिसऱ्या दिवशी दादा ओरडले तेव्हा नाकावर चढली.

खाचा धुतल्या, ओल्या जमिनीवर सिमेंटचं पातळ पाणी फिरवलं, म्हणजे जुनं नव्याला धरतं. नंतर बारीक खडीचा माल, एक सोडून एक चौकोनात, मधे काचेच्या पट्ट्या. सलग घातला तर आकसताना हवा तिथे तडकतो. पट्ट्या असल्या की तडा पट्टीच्या रेषेत जातो. या प्रकारच्या जमिनीला भारतातल्या इंजिनिअरांच्या भाषेत इंडियन पेटंट स्टोन म्हणतात. तो दगड नाही, सिमेंटच आहे.

दुसऱ्या दिवसापासून पाणी. मराठीत आपण पाणी मारतो, दिल्लीचे मिस्त्री तराई करतात. सिमेंट वाळून घट्ट होतं हा समज सगळीकडे आहे, प्रत्यक्षात ते पाण्याशी होणाऱ्या क्रियेने घट्ट होतं. लवकर वाळलं तर कच्चं राहतं. थंडीत ही क्रिया मंदावते, म्हणून दादांनी सातऐवजी दहा दिवस गोणपाटं ओली ठेवायला सांगितली. ज्या पाण्याच्या भीतीने हे सगळं चाललं होतं त्याच पाण्याची बादली घेऊन मी रोज सकाळ-संध्याकाळ खाली उतरत होते. मोजायला पाणी, बांधायला पाणी, आणि भीतीही पाण्याचीच.

शेवटच्या दिवशी दादांनी ओट्यावर लांब पट्टी ठेवून दाखवली, मग वाटेवर तांब्याभर पाणी ओतलं. आंटीजी जिन्यात उभ्या होत्या. पाणी काचेच्या पट्ट्या ओलांडत, कुठेही न रेंगाळता जाळीतून खाली गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, दादांना चहा घेऊन जायला सांगून वर गेल्या.

मार्चमध्ये पुस्तकं आली. बंगाली कादंबरी आणि तिचे दोन अनुवाद पुन्हा शेजारी बसले. ओट्याशिवाय वर, सगळ्यांत खालचा खण आम्ही रिकामाच ठेवतो. शनिवारी दुपारी आंटीजींच्या बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या जातात. कधी चार मुलं येतात, कधी एकच. परवा एका मुलीने तक्रार केली की खाली छान शांत आहे, तिथेच बसू दिलं तर सारखी ये-जा वाचेल. तिला कारण सांगितलं. तिने ऐकलं, खाली गेली, दोन पुस्तकं छातीशी धरून वर आली. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत.